ऑनलाइन विद्यापीठात नाव घातलं, आता विचारायचं कुणाला? बडोद्यातल्या नव्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जानेवारीचे आणि जुलैचे प्रवेश आटोपले की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी कुणी ना कुणी फोन हातात घेऊन येतं. कुणी मकरपुरा जीआयडीसीत पाळीवर जाणारा असतो, कुणी लग्नामुळे बी.ए. अर्धवट राहिलेली, तर कुणी निवृत्तीनंतर एम.ए.ची हौस पुरी करणारे काका. सगळ्यांचा प्रश्न घोळून घोळून एकच: "काकू, आता विचारायचं कुणाला?" नेहमीच्या कॉलेजात खिडकी असते, शिपाई असतो, "तिसऱ्या मजल्यावर जा" म्हणणारं कुणीतरी असतं. ऑनलाइन विद्यापीठातही खिडक्या असतातच, पण त्या शोधाव्या लागतात. मी स्वतः बेचाळिसाव्या वर्षी असंच एम.ए. केलं आणि पहिलं वर्षभर चुकीचं दार ठोठावत बसले. तेव्हा जे कळलं आणि पुढे या मुलांबरोबर बसून जे पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

नाव घातल्यावर सगळ्यात आधी कोणते संपर्क लिहून ठेवायचे?

माणसांची नावं नकोत, विभाग लिहा. माणसं बदलतात, विभाग राहतो. माझ्या मते पाच नोंदी पुरतात. पहिली नोंद तुमच्या अभ्यासक्रमाच्या समन्वयकांची, म्हणजे बी.ए., एम.बी.ए. असा जो काही कोर्स घेतला असेल तो सांभाळणाऱ्या प्राध्यापकांची. दुसरी त्या त्या विषयाच्या शिक्षकांची किंवा मेंटॉरची. तिसरी तांत्रिक मदतीची: लॉगिन, पासवर्ड, व्हिडिओ, अपलोड यांसाठी. चौथी परीक्षा विभागाची आणि पाचवी तक्रार निवारण समितीची. ही पाचवी नोंद सगळे सोडून देतात आणि गरज पडते तेव्हा नेमकी तीच सापडत नाही.

हे सगळं कागदी वहीत लिहा. फोन बिघडतो, पोर्टल बंद पडतं, आणि पोर्टल बंद पडल्याची तक्रार करायचा पत्ता त्याच पोर्टलच्या आत राहिलेला असतो. वहीच्या पहिल्या पानावर एनरोलमेंट नंबर, अर्ज भरताना मिळालेला कंट्रोल नंबर किंवा अर्ज क्रमांक, नोंदवलेला ईमेल आणि नोंदवलेला मोबाइल एवढं ठळक लिहून ठेवा. नोंदवलेला मोबाइल भावाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा असेल तर इतर कामं बाजूला ठेवून आधी तो बदलून घ्या. पुढचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर जाणार आहेत.

प्रवेशाच्या वेळी एका काउन्सेलरशी बोलणं झालं होतं. ते फार चांगले आहेत. त्यांनाच विचारलं तर?

याचं उत्तर जरा लांबेल, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

'काउन्सेलर' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या माणसांसाठी वापरला जातो. प्रवेश घेण्यापूर्वी तुम्हाला फोन करतात ते प्रवेश-सल्लागार. बऱ्याच ठिकाणी ते विद्यापीठाचे नोकरही नसतात. विद्यापीठासाठी जाहिरात आणि प्रवेशाचं काम करणाऱ्या एखाद्या कंपनीत ते असतात. तुमची फी भरली गेली की त्यांचं काम संपतं आणि त्यांच्या यादीत पुढचं नाव येतं. यात त्यांची चूक नाही, त्यांचं काम तेवढंच आहे. दुसरे काउन्सेलर म्हणजे अभ्यासकेंद्रावर किंवा ऑनलाइन वर्गात विषय शिकवणारे शिक्षक. मुक्त विद्यापीठांत त्यांना शैक्षणिक काउन्सेलर म्हणतात. विषयातली शंका त्यांनाच विचारायची.

माझ्या पहिल्या वर्षी दोन असाइनमेंटचे गुण पोर्टलवर चढलेच नव्हते. मी प्रवेशाच्या वेळच्या बाईंना निरोप पाठवत राहिले. त्या दर वेळी गोड शब्दांत म्हणायच्या, "हो, वर कळवलंय." आठ आठवडे गेले. पुढे परीक्षा विभागाला ईमेल केला तेव्हा कळलं की त्यांच्यापर्यंत काहीच पोचलेलं नव्हतं, आणि गुण सुधारून घ्यायची त्या सत्राची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. त्या एका विषयासाठी मला आणखी सहा महिने थांबावं लागलं. त्या बाईंवर माझा राग नाही, पण तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं हेच विचारते: ज्यांना तू विचारतो आहेस, त्यांच्या हातात ते काम आहे का?

ओळखायची साधी खूण सांगते. त्या व्यक्तीला म्हणा, "हे मला विद्यापीठाच्या ईमेलवरून लेखी कळवाल का?" ज्यांच्या हातात काम आहे ते लेखी देतात.

कोणता प्रश्न कुणाकडे न्यायचा? एखादं उदाहरण देऊन सांगा.

इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, उदाहरण घेऊ. १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेलं हे विद्यापीठ आहे, आणि आपल्या गावात त्याचे विद्यार्थी भरपूर आहेत. तिथलं मुख्यालय दिल्लीत मैदान गढीला. तिथे नोंदणीचा विभाग वेगळा, परीक्षा आणि निकालाचा वेगळा आणि छापील पुस्तकं पाठवणारा वेगळा. दूरस्थ पद्धतीच्या विद्यार्थ्याला याशिवाय एक प्रादेशिक केंद्र आणि त्याखालचं एक अभ्यासकेंद्र नेमून दिलेलं असतं.

आता पुस्तकं आली नाहीत, तर तो विषय साहित्य वाटपाच्या विभागाचा. परीक्षा विभागाला लिहून काही होणार नाही. असाइनमेंट अभ्यासकेंद्रावर दिली आणि गुण दिसत नाहीत, तर आधी अभ्यासकेंद्र, मग प्रादेशिक केंद्र, आणि त्यांनी गुण पुढे पाठवल्याचं सांगितलं की मग परीक्षा विभाग. ही वाट उलटी चालू नका. थेट दिल्लीला लिहिलं तर बहुतेक वेळा ते पत्र फिरून खालीच येतं, आणि त्यात दिवस जातात. पत्ता बदलायचा असेल किंवा अभ्यासकेंद्र बदलायचं असेल तर प्रादेशिक केंद्र. कुठल्या खिडकीचा प्रश्न आहे हेच कळत नसेल तर विद्यार्थी सेवा केंद्र. आणि कुणीच ऐकत नसेल तर विद्यापीठाचं आयग्राम नावाचं तक्रारींचं पोर्टल आहे, तिथे तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो.

तुमचं विद्यापीठ दुसरं असेल तर विभागांची नावं वेगळी असतील, पण कामांची वाटणी साधारण अशीच असते.

ऑनलाइन आणि डिस्टन्स, दोन्ही घरबसल्याच ना? मग संपर्कात फरक कुठे?

फरक मोठा आहे. डिस्टन्स म्हणजे दूरस्थ पद्धतीत तुमच्या जवळचं अभ्यासकेंद्र हा पहिला संपर्क. ऑनलाइन पद्धतीत अभ्यासकेंद्र नसतंच. वर्ग, असाइनमेंट, शंका सगळं एलएमएसवर, म्हणजे विद्यापीठाच्या ऑनलाइन शिकायच्या पोर्टलवर, आणि संपर्क थेट विद्यापीठाच्या ऑनलाइन शिक्षण केंद्राशी. ऑनलाइन कोर्सला नाव घातलेला एक मुलगा "माझं सेंटर कोणतं?" म्हणून दोन रविवार फिरला होता. त्याला केंद्रच नव्हतं. ओळखपत्रावर आणि प्रवेशाच्या पावतीवर कोर्सचा प्रकार छापलेला असतो, तो आधी वाचा.

आणखी एक फरक बडोदेकरांनी ध्यानात ठेवावा. राज्याच्या विद्यापीठाला दूरस्थ कोर्स आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतात. ऑनलाइन कोर्सला ती हद्द नाही. म्हणून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून मराठीत शिकायचं मनात असेल तर कोर्स दूरस्थ आहे की ऑनलाइन, हे आधी त्यांनाच विचारा.

डीईबी आयडीत किंवा एबीसी आयडीत नाव चुकलं आहे. विद्यापीठाला सांगू का?

हे दोन क्रमांक विद्यापीठाचे नव्हेत. एबीसी म्हणजे अभ्यासात मिळवलेल्या क्रेडिटचं, म्हणजे श्रेयांकांचं, तुमचं खातं, ते डिजिलॉकरमधून उघडतं. डीईबी आयडी २०२४ पासून ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेशासाठी लागतो आणि तो यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरस्थ शिक्षण विभागाच्या पोर्टलवर स्वतः काढायचा असतो. नावातली चूक बहुधा आधारमधून आलेली असते, म्हणून सुरुवात आधारपासून करा. सगळीकडे नाव एकसारखं झालं की मगच विद्यापीठाला लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची इथे फार धावपळ होते. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांचा मेळ प्रवेशाच्या आधीच घालून ठेवलेला बरा.

कोर्सला मान्यता आहे की नाही, हेही त्याच विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाच्या आणि सत्राच्या नावाने पाहता येतं. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा हे शिक्षण ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देता येत नाही. २०२०च्या नियमांनुसार विद्यापीठाला कोणताही ऑनलाइन किंवा दूरस्थ कोर्स फ्रँचायझी देऊन चालवता येत नाही. कुणी "आमच्या ऑफिसातून डिग्री मिळेल" म्हणत असेल तर त्याला संपर्क म्हणून वहीत जागा देऊ नका.

ईमेल पाठवतो, पण उत्तरच येत नाही. काय चुकतं?

मी आजवर पाहिलेल्या ईमेलांपैकी निम्म्यांत एनरोलमेंट नंबरच नव्हता. "सर, माझा रिझल्ट आला नाही, प्लीज मदत करा" एवढंच. समोरच्या माणसाकडे अशी शेकडो पत्रं आलेली असतात. त्याला तुमचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, कोर्सही माहीत नाही. तो उलट प्रश्न विचारणार, तुम्ही चार दिवसांनी उत्तर देणार, आणि पंधरवडा निघून जाणार.

विषयाच्या ओळीत तीन गोष्टी घाला: एनरोलमेंट नंबर, कोर्स कोड आणि नेमकं काम. उदाहरणार्थ, पुढे "डिसेंबरच्या परीक्षेचे असाइनमेंट गुण दिसत नाहीत" असं. मजकुरात पहिल्या ओळीत आपण कोण ते. मग काय झालं ते तारखांसकट: असाइनमेंट कधी दिली, पावती कधी मिळाली, पोर्टलवर आज काय दिसतं. मग काय हवं आहे ते एका वाक्यात. शेवटी नाव, नोंदवलेला मोबाइल, पत्ता. सोबत पावती आणि पडद्याचा फोटो जोडा, त्यात तारीख दिसू द्या. नोंदवलेल्या ईमेलवरूनच पाठवा, नाहीतर ओळख पटत नाही म्हणून पत्र बाजूला पडतं.

एका पत्रात एकच काम. परीक्षा, पुस्तकं आणि फी हे तीन प्रश्न एका ईमेलात घातले की तो ईमेल तिन्ही विभागांचा होतो, म्हणजे कुणाचाच नाही. आणि एकच ईमेल दहा पत्त्यांवर पाठवू नका. प्रत्येकाला वाटतं दुसरा उत्तर देईल.

साधारण सात कामाचे दिवस वाट पाहा. नंतर नवं पत्र न लिहिता त्याच पत्राला उत्तर म्हणून आठवण पाठवा, म्हणजे जुनी तारीख खाली दिसत राहते. ती तारीख पुढे फार उपयोगी पडते.

मराठीत लिहिलं तर चालेल का? मला इंग्रजी नीट जमत नाही.

दिल्लीच्या किंवा बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाला हिंदीत लिहा, चालतं. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात गुजराती आणि टीव्हीमुळे हिंदी, अशा तिन्ही भाषा येतात, तेव्हा हिंदी पत्र जड जात नाही. आधी मराठीत कच्चं लिहा, मग हिंदीत उतरवा. कोर्स कोड, तारखा आणि आकडे मात्र पोर्टलवर जसे दिसतात तसेच ठेवा. भाषेत चुका झाल्या तरी काम अडत नाही, नंबर चुकला तर अडतं.

बँकेतल्या बेनशी बोलतो तितक्याच मोकळेपणाने फोनवर बोला. मोडक्या इंग्रजीत अडखळण्यापेक्षा सरळ "हिंदी में बात कर सकते हैं?" विचारावं. आजवर कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

हेल्पलाइन लागतच नाही.

निकालाच्या आठवड्यात आणि फी भरायच्या शेवटच्या दोन दिवसांत ती लागत नाहीच, त्या दिवसांत ईमेल करा. एरवी कार्यालय उघडल्याबरोबर पहिल्या अर्ध्या तासात करून पाहा. फोन लागला की तिकीट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्या आणि वहीत तारीख, वेळ, काय सांगितलं ते टिपा. ज्या फोनचा क्रमांक मिळाला नाही, तो फोन केला नव्हता असंच समजून त्याच संध्याकाळी ईमेल पाठवा: "आज सकाळी झालेल्या बोलण्यानुसार..."

इंटरनेटवर शोधलं तर विद्यापीठाच्या हेल्पलाइनचे चार-पाच वेगवेगळे नंबर दिसतात. खरा कोणता?

शोधून आलेला नंबर लावूच नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन संपर्काच्या पानावरचाच नंबर घ्या. आपल्याकडे बहुतेक विद्यापीठांच्या संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट एसी डॉट इन' किंवा 'डॉट ईडीयू डॉट इन' असा संपतो. जाहिरातींतून वर आलेले नंबर बऱ्याचदा प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांचे असतात आणि काही सरळ ठगांचे. खरा मदतनीस ओटीपी मागत नाही, फोनमध्ये अॅप उतरवायला लावत नाही आणि परीक्षेची फी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर भरायला सांगत नाही.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार झाली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथे एकेक तास मोलाचा आहे. बँकेलाही लगेच कळवा. यासाठी घरच्यांची बोलणी खावी लागली तरी चालतील.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळी माहिती मिळते. मग विद्यापीठाला कशाला विचारायचं?

ग्रुप हवाच. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या ग्रुपमधल्या ग्वाल्हेरच्या एका मैत्रिणीने मला री-रजिस्ट्रेशनची, म्हणजे पुढच्या वर्षाच्या नोंदणीची, शेवटची तारीख सांगितली नसती तर माझं वर्ष गेलं असतं. पण तारीख ग्रुपवर कळली तरी खातरजमा विद्यापीठाच्या नोटिशीतूनच करायची. पुढे ढकललेल्या तारखांच्या जुन्या नोटिसा वर्षानुवर्षं ग्रुपांत फिरत राहतात. नोटीस आली की आधी तिच्यावरचं वर्ष वाचा. आणि एनरोलमेंट नंबर जन्मतारखेसकट ग्रुपवर टाकू नका.

प्राध्यापकांना थेट लिहावं का? त्यांना त्रास तर होणार नाही?

विषयातली शंका असेल तर नक्की लिहा. ऑनलाइन कोर्समध्ये प्रत्येक विषयाचे चार भाग ठरलेले असतात: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःची परीक्षा घ्यायचे प्रश्न आणि चर्चेची जागा. ती चर्चेची जागा तुमच्या शंकांसाठीच आहे आणि फारसं कुणी वापरत नाही. आधी तिथे विचारा. प्राध्यापकांचं उत्तर इतरांनाही वाचता येतं आणि त्यांना तेच तेच दहा वेळा लिहावं लागत नाही. शंका विचारताना आपण काय वाचलं आणि कुठे अडलो ते लिहा. "हा धडा समजला नाही" म्हटलं की त्यांनाही काय सांगावं कळत नाही. फी, हॉल तिकीट, गुणपत्रिका यांसाठी मात्र त्यांना लिहू नका, ते त्यांच्या हातात नसतं.

दोन महिने झाले, कुणी दाद देत नाही. आता?

आता ती पाचवी नोंद उघडा. यूजीसीने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे नियम लागू केले. त्यानुसार विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि ऑनलाइन तक्रार करायची सोयही हवी. समितीने शक्यतो पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्याची प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची असते. निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांच्या आत लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपाल म्हणून निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांची नेमणूक होते, आणि त्यांनी तीस दिवसांत प्रकरण निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो.

प्रवेशाची चुकीची माहिती देणं, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, ठरल्यापेक्षा जास्त फी मागणं, परीक्षा किंवा निकाल विनाकारण लांबवणं हे सगळं तक्रारीत बसतं. मात्र "माझे गुण वाढवा" एवढ्यासाठी लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही. मूल्यमापनात नेमका गैरप्रकार किंवा भेदभाव झाल्याचं दाखवता आलं तरच ते ऐकतात.

याच्याही वर यूजीसीचं ई-समाधान पोर्टल आहे. तिथे थेट उडी मारता येते, पण तिथून प्रकरण विद्यापीठाकडेच विचारणेसाठी जातं, म्हणून आधीची पत्रं हाताशी असली तर तुमची बाजू भक्कम राहते. मघाशी म्हटलेल्या जुन्या तारखा इथे कामी येतात. कागद पाठवायचे असतील तर रावपुऱ्याच्या पोस्टातून स्पीड पोस्ट करा आणि पावती वहीला चिकटवा. २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर "रजिस्टर" मागून अडून बसू नका.

उत्तरपत्रिका पाहायला मिळेल का?

आधी निकालानंतरच्या मुदतीत पुनर्तपासणीचा आणि छायाप्रतीचा अर्ज करा, तो मार्ग सरळ आहे. मुदत निकालाच्या दिवसापासून मोजतात, गुणपत्रिका घरी आल्यापासून नाही. सरकारी विद्यापीठ असेल तर माहितीच्या अधिकाराचाही मार्ग आहे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला आहे. केंद्रीय विद्यापीठासाठी अर्जाची फी दहा रुपये, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

फीचे हप्ते कापले जाताहेत, पण कोर्स सोडायचा आहे. हप्ते थांबवायला कुणाला सांगू?

आधी पाहा, हप्ते विद्यापीठ घेतंय की कर्ज देणारी कंपनी. प्रवेशाच्या वेळी "सोपे हप्ते" म्हणून भरून घेतलेला अर्ज अनेकदा कर्जाचा असतो. कंपनीने सगळी फी विद्यापीठाला आधीच दिलेली असते आणि तुम्ही कंपनीचे देणेकरी झालेले असता. कोर्स सोडला तरी ते कर्ज आपोआप मिटत नाही. म्हणून दोन पत्रं हवीत: विद्यापीठाला प्रवेश रद्द करून परताव्यासाठी, आणि कंपनीला कर्ज बंद करण्यासाठी. कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. बँकेत जाऊन नुसता हप्ता बंद करू नका, पुढे कर्ज घेताना ते आडवं येतं.

ऑनलाइन वर्गात किंवा ग्रुपवर कुणी त्रास देत असेल, घाणेरडे निरोप पाठवत असेल तर?

पोरींनो, हे ऑनलाइन आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. लैंगिक छळाविरुद्धचे यूजीसीचे २०१५चे नियम 'विद्यार्थी' म्हणताना दूरस्थ पद्धतीने शिकणाऱ्यांनाही धरतात. विद्यापीठाच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. निरोप पुसून टाकू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा. समिती तुमचं नाव गुप्त ठेवायला बांधील आहे. भीती वाटत असेल तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. आणि धमकी असेल तर समितीची वाट न पाहता पोलिसांकडे जा.

मला नीट दिसत नाही. परीक्षेला लेखनिक मिळेल का?

मिळतो, पण ऐनवेळी नाही. परीक्षेचा अर्ज भरतानाच दिव्यांग प्रमाणपत्रासह लेखी मागणी करा आणि ऑनलाइन परीक्षा असेल तर तांत्रिक विभागालाही तेच पत्र पाठवा. लेखनिकासह परीक्षा देणाऱ्याला दर तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळायला हवीत. मंजुरीचं पत्र छापून जवळ ठेवा.

नोकरी, घर, अभ्यास सगळं एकदम अंगावर येतं. रात्री झोप लागत नाही. हे कुणाला सांगावं?

हे विचारणारे फार थोडे असतात, पण ज्यांना विचारायचं असतं ते दाराशी येऊन घुटमळत राहतात. आधी समन्वयकांना लिहा की या सत्रात कमी विषय देता येतील का. बहुतेक मुक्त अभ्यासक्रमांत कोर्स पुरा करायला ठरल्यापेक्षा बरीच जास्त वर्षं मिळतात, आणि हे कळल्यावरच कित्येकांचा श्वास मोकळा होतो. मनावरचा भार उतरत नसेल तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि वीस भाषांत मिळते. नाव सांगावंच लागतं असं नाही.

बडोद्यात प्रत्यक्ष बसून अभ्यास करायला, फॉर्म भरायला जागा आहे का? घरी जागा नाही, शांतता नाही.

मांडवीजवळची आपली सेंट्रल लायब्ररी आहे ना. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. त्या काळी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या. वाचकाला शहरात येणं जमत नसेल तर पुस्तकानं त्याच्याकडे जावं, असा तो विचार. घरबसल्या शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना तो मनापासून पटतो. तिथे बसून वाचायला शांतता मिळते, आणि आपल्यासारखे दोन-चार विद्यार्थी भेटतातच. माझी परीक्षेआधीची सगळी तयारी मी तिथेच केली.

अर्ज भरायला कॅफेत गेलात तर पासवर्ड त्यांच्या वहीत लिहू देऊ नका, आणि उठण्याआधी लॉगआउट झालं का ते स्वतः पाहा.

नाव माझ्या सासूबाईंचं आहे, पण ईमेल, फोन सगळं मीच बघते. त्यांच्या वतीनं बोललं तर चालेल?

चालतं, पण खोटं बोलून नाही. "मी त्यांची सून बोलते आहे, त्या इथेच बसल्या आहेत" असं सांगा आणि ओळख पटवायला फोन त्यांच्या हातात द्या. ईमेल त्यांच्याच पत्त्यावरून, त्यांच्याच नावाने जाऊ दे. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एक आजी अशाच सुनेबरोबर आल्या होत्या. पहिले दोन ईमेल सुनेने लिहिले. तिसऱ्या वेळी आजी म्हणाल्या, "सरक जरा, नंबर मला पाठ झालाय," आणि चष्मा पुसून स्वतः टाइप करायला बसल्या.